आधी घासायचं, मग धुवायचं: जंतुसंसर्ग झालेल्या कृत्रिम गुडघ्याची सफाई कशी होते

कन्सेंट फॉर्मवर आम्ही घाईघाईत लिहितो, ‘गुडघा उघडून वॉश देणे.’ सगळा घोटाळा त्या ‘वॉश’ शब्दाने होतो. नातेवाइकांना वाटतं, आत सलाइन ओततील, पुसतील, टाके घालतील आणि अर्ध्या तासात पेशंट बाहेर. प्रत्यक्षात दीड-दोन तास सहज जातात, आणि पाणी सोडण्याचा भाग त्यात पंधरा-वीस मिनिटांचाच. बाकीचा वेळ खरवडण्याचा.

घरातली पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नसेल तर आत हात घालून बघा. भिंतीला बुळबुळीत थर लागतो. त्यावर बादलीभर पाणी मारलं तर तो हलत नाही. काथ्या घेऊन घासावा लागतो, मग पाणी मारायचं. कृत्रिम गुडघ्याचंही तसंच. जंतू धातूवर किंवा प्लास्टिकवर बसले की स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. मोकळ्या जंतूला मारायला जेवढं अँटिबायोटिक लागतं, त्याच्या शेकडो पट या थरातल्या जंतूला लागतं. तेवढं रक्तातून पोचवायचं म्हटलं तर जंतूंच्या आधी किडनी जाईल. म्हणून आत जाऊन हाताने काढणं आलं.

सांधा बदलल्यावर असा खोल संसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात एक ते दोन. कमीच आहे, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याला आकड्याचं काय. पेशंटने आणि घरच्यांनी कुठल्या टप्प्यावर काय करायचं, आणि थिएटरच्या दाराआड काय चालतं, ते इथे क्रमाने सांगतो.

शंका आली की पहिलं काम: अँटिबायोटिक परस्पर सुरू करू नका

ऑपरेशननंतर जखम पाचव्या-सातव्या दिवसानंतरही ओली राहते, ड्रेसिंग रोज भिजतं. किंवा दोन वर्षं छान चालणारा गुडघा एका रात्रीत सुजतो, गरम होतो, पाय टेकवत नाही. ताप असेलच असं नाही. अशा वेळी घराजवळच्या दवाखान्यात जाऊन पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सूज थोडी उतरते, बरं वाटतं, आणि जंतू थराच्या आत दडून बसतात. पुढे सांध्यातलं पाणी तपासलं की कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याची तपासणी, कोरं येतं.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, पिशवीत तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकची पाकिटं घेऊन. गुडघ्यातून निघालेला पू डोळ्यांना दिसत होता, पण चौदा दिवस थांबूनही लॅबमध्ये काही उगवलं नाही. कुठला जंतू ते न कळता औषध निवडणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यांना शेवटी दोन मोठ्या ऑपरेशनांतून जावं लागलं. औषधं कोणी लिहून दिली ते सोडा, पण पहिल्याच दिवशी मूळ सर्जनला फोन गेला असता तर बरं झालं असतं.

पेशंटची प्रकृती स्थिर असेल तर सांध्यातलं पाणी काढण्यापूर्वी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक पोटात नसावं, असा संकेत आहे. चालू औषध बंद करायचं ते मात्र डॉक्टरांशी बोलूनच. आणि पेशंटला थंडी वाजून ताप भरलाय, बीपी खाली जातंय, तो असंबद्ध बोलतोय, तर हे सगळे नियम बाजूला. थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे नमुना घेऊन लगेच इंजेक्शन सुरू करतात.

सुई: सांध्यातलं पाणी

लाल झालेल्या कातडीतून सुई घालत नाहीत. निरोगी कातडी शोधून, तिथे ऑपरेशनसारखीच साफसफाई करून सुई जाते. पाणी निघालं की त्याचे भाग करायचे. थोडं जांभळ्या बुचाच्या नळीत, पेशी मोजायला. थोडं रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत, कारण तिथे जंतू वाढण्याची शक्यता जास्त. थोडं स्फटिक बघायला, कारण गाउट, म्हणजे सांध्यात युरिक अॅसिडचे स्फटिक साठण्याचा आजार, हुबेहूब असंच सोंग आणतो.

रिपोर्ट वाचताना ऑपरेशन कधी झालंय ते आधी बघायचं. जुन्या सांध्यात एका मायक्रोलिटर पाण्यात 3,000 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत 80 टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल जातीच्या सापडल्या तर संशय बळावतो. ऑपरेशनला सहा आठवडेही झाले नसतील तर सांधा तसाही खवळलेला असतो, म्हणून तिथे उंबरठा 10,000 पेशी आणि 90 टक्के असा वर जातो. सीआरपीचंही (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) तसंच: जुन्या सांध्यात लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, ताज्या ऑपरेशनमध्ये 100 च्या वर. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. काही लॅब सीआरपी लिटरला देतात, काही डेसिलिटरला. दोन्हींत दहापटीचा फरक. मागच्या आठवड्यात 48 होतं आणि आज 4.8 आलं म्हणून पेढे वाटण्यापूर्वी कागदावरचं एकक बघा.

धुऊन भागेल की सांधा काढावा लागेल?

सांधा जागेवर ठेवून सफाई करण्याला जगभरचे सर्जन ‘डेअर’ म्हणतात: खरवडणं, अँटिबायोटिक देणं आणि इम्प्लांट वाचवणं. ती कोणाला करायची हे मुख्यतः घड्याळावर ठरतं. मूळ ऑपरेशनला चार ते सहा आठवड्यांहून जास्त काळ झालेला नसावा. किंवा जुन्या, चांगल्या सांध्यात दात, लघवी, पायाची जखम अशा कुठून तरी जंतू रक्तावाटे येऊन बसला असेल, तर त्रास सुरू होऊन तीन आठवड्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत. त्याशिवाय इम्प्लांट हाडात घट्ट हवं, वरची कातडी चांगली हवी, आणि बाहेर पू सोडणारं छिद्र नसावं.

यातलं काही बसत नसेल तर नुसत्या सफाईचा हट्ट धरू नका. न्यू यॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दोन टप्प्यांच्या पद्धतीचे निकाल मांडले: आधी सांधा काढून टाकायचा, अँटिबायोटिक द्यायचं, मग नवा बसवायचा. आजही जुनाट संसर्गात तोच राजमार्ग. आता मधल्या काळात अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतात. जर्मनीत हॅम्बुर्गला हे सगळं एकाच ऑपरेशनमध्ये करण्याची परंपरा आहे, पण त्यासाठी जंतू आधी माहीत असावा लागतो.

दुर्बिणीतून, दोन छोट्या भोकांतून धुता येणार नाही का, असं हमखास विचारलं जातं. नाही. दुर्बीण गुडघ्याच्या मागच्या कप्प्यात नीट पोचत नाही, प्लास्टिक बदलता येत नाही, आणि थर जिथे असतो तिथेच राहतो.

आदल्या रात्री: स्टिकर शोधा

मांडीच्या आणि नडगीच्या धातूंमध्ये जो प्लास्टिकचा तुकडा असतो त्याला आम्ही पॉली किंवा इन्सर्ट म्हणतो. सफाईत तो बदलायचाच असतो. एक तर त्याच्यावर थर बसलेला असतो, आणि दुसरं म्हणजे तो काढल्याशिवाय मागच्या कप्प्यात हात जात नाही. पॉली बदललेल्या सफाईचे निकाल न बदललेल्यापेक्षा चांगले येतात.

अडचण अशी, की एका कंपनीचा पॉली दुसरीच्या ट्रेमध्ये, म्हणजे नडगीवरच्या धातूच्या भागात, बसत नाही. एकाच कंपनीत मॉडेल आणि साइज बदलली तरी बसत नाही. मूळ ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटच्या डब्यावरचे चिकट स्टिकर लावलेले असतात: कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर. त्या पानाचा फोटो आज रात्रीच सर्जनला पाठवा. फाइल गावाला कपाटात असेल तर कोणाला तरी उठवून फोटो मागवा. एका पेशंटच्या बाबतीत डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘इम्पोर्टेड नी’ एवढंच लिहिलेलं होतं. एक्स-रे घेऊन तीन कंपन्यांच्या माणसांना फोन करण्यात आमचा एक दिवस गेला, आणि या आजारात एक दिवस म्हणजे थर आणखी जाड. काही इम्प्लांटमध्ये खालचा भाग अखंड प्लास्टिकचाच असतो. तिथे पॉली सुटा बदलता येत नाही, हेही एक्स-रेवर आधीच कळलेलं बरं.

घेत असलेल्या गोळ्यांची यादी द्या. आयोडिनने अंगावर फोड येतात का, थायरॉइड आहे का, तेही सांगा. कोळंबी खाल्ली की पित्त उठतं म्हणून आयोडिन चालत नाही, असा आपल्याकडे गैरसमज आहे. या दोन गोष्टींचा संबंध नाही.

दाराआड: नमुने

पायाला खालून वर रबरी पट्टा गुंडाळून पायातलं रक्त वर पिळून काढण्याची नेहमीची रीत इथे टाळतात. पू वर ढकलला जाऊ नये म्हणून. जुन्याच टाक्यांच्या रेषेतून आत शिरतात.

आत शिरल्यावर आधी नमुने घ्यायचे. वेगवेगळ्या जागचे पाच-सहा तुकडे, प्रत्येकाला वेगळा चिमटा, वेगळी डबी. कापसाची काडी फिरवून भागत नाही. दोन तुकड्यांत तोच जंतू सापडला तर संसर्ग पक्का. एकातच सापडला तर तो कातडीवरचा पाहुणाही असू शकतो. कल्चरच्या डबीत फॉर्मलिन असता कामा नये, त्यात जंतू मरतात. फॉर्मलिन फक्त बायोप्सीच्या डबीत. सकाळच्या गडबडीत सिस्टरने नेहमीच्या सवयीने सगळ्या डब्या फॉर्मलिनच्या लावल्या आणि अख्खी तपासणी वाया गेली, असं घडलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून मी झाकण स्वतः उघडून वास घेतो. लॅबला ‘चौदा दिवस ठेवा’ असं लिहून द्यायचं, कारण काही जंतू फार सावकाश वाढतात. आपल्याकडे एक तुकडा जीनएक्सपर्ट या टीबीच्या तपासणीलाही जायला हवा. ते का, ते पुढे येईल.

खरवडणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. पॉली काढायचा. सुजलेलं, लालभडक, जेलीसारखं झालेलं आवरण वरच्या पिशवीपासून दोन्ही बाजूंच्या घळींपर्यंत कापून काढायचं. मग पाय वाकवून मागचा कप्पा. तिथे दोन बोटांवर रक्तवाहिनी असते, त्यामुळे हात सावकाश चालतो. चांगला भाग कुठे सुरू होतो ते रक्तावरून कळतं. कापल्यावर ताजं रक्त पाझरलं की थांबायचं. काही सर्जन मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग सोडतात. मेलेला भाग आणि थर रंग धरून ठेवतात आणि निळे दिसतात. निळं उरलं म्हणजे काम उरलं.

धातू नायलॉनच्या ब्रशने घासतात, आयोडिनमध्ये भिजवलेल्या गॉजने पुसतात. तारेचा ब्रश नको; ओरखडे पडले की नवा पॉली झिजणार आणि जंतूंना बसायला खाचा मिळणार.

आणि आता पाणी

साध्या नॉर्मल सलाइनचे सहा ते नऊ लिटर, असं सध्याचं सर्वमान्य माप. अर्ध्या लिटरच्या बाटल्या वापरल्या तर नऊ लिटरला अठरा. म्हणून बहुतेक ठिकाणी तीन लिटरच्या पिशव्या स्टँडवर टांगतात आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनला लागणारा टीयूआर सेट, म्हणजे जाड नळी, लावून धार सोडतात. तीन लिटरच्या पिशव्यांत ग्लायसिन या दुसऱ्याच द्रावणाच्याही असतात, त्याच आकाराच्या, त्याच कपाटात. लेबल मोठ्याने वाचून मगच टोचायची. सलाइन कोमट हवं. थंडगार नऊ लिटर आत ओतले की पेशंट कुडकुडतो आणि भूलतज्ज्ञ आमच्याकडे बघतात.

धार जोरात की हळू? बॅटरीवर चालणारी, झटक्याझटक्याने पाणी मारणारी पल्स लव्हाज गन मिळते, खर्चही बराच वाढवते. 2015 मध्ये ‘फ्लो’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, उघड्या फ्रॅक्चरच्या 2,447 रुग्णांवर. त्यात जोराची, मध्यम आणि अगदी हलकी धार, तिन्हींत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उलट साबणाच्या पाण्याने धुतलेल्यांत ते जास्त निघालं, साध्या सलाइनमध्ये कमी. ती चाचणी फ्रॅक्चरची होती, कृत्रिम सांध्याची नव्हे. पण मी तिच्यावरून एवढं शिकलो, की गन नसेल म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. गन वापरायचीच तर चेहऱ्यावर शील्ड हवं, कारण तुषार छतापर्यंत उडतात.

मधेच औषधाचं पाणी. सर्वांत रुळलेलं ते पोव्हिडोन आयोडिन, म्हणजे आपण सरसकट बेटाडिन म्हणतो ते, पण पातळ करून: 0.35 टक्के. 10 टक्क्यांचं 17.5 मिलि, 500 मिलि सलाइनमध्ये. आपल्या बाजारात 5 टक्क्यांची बाटलीही तितकीच चालते, तिचे 35 मिलि घ्यावे लागतात. बाटली न बघता माप घेतलं की औषध निम्म्यावर येतं. हात धुवायचं 7.5 टक्क्यांचं स्क्रब मात्र आत कधीच नको, त्यात फेसाचा साबण असतो. हे पाणी सांध्यात भरून तीन मिनिटं घड्याळ लावून तसंच ठेवायचं, मग सलाइनने धुऊन टाकायचं. तीन मिनिटं थिएटरमध्ये फार लांब वाटतात; दीड मिनिटातच कोणीतरी सक्शनला हात घालतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसून स्वच्छ झाल्याचं समाधान देतं, पण बंद पोकळीत त्याचा वायू रक्तात शिरून जीवघेणा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. क्लोरहेक्सिडीन चांगलं जंतुनाशक, पण कूर्चेला मारक. आपल्याकडे बरेच सर्जन वाटीचा नैसर्गिक भाग तसाच ठेवतात, तिथे हा विचार करावा लागतो. आणि सलाइनच्या बाटलीत अँटिबायोटिकची कुपी फोडण्याची जुनी सवय आता सोडून द्यावी; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत जखम शिवण्यापूर्वी अँटिबायोटिकच्या पाण्याने धुऊ नये असंच म्हटलंय.

पाणी संपलं की सगळे गाऊन, ग्लोव्ह, ड्रेप (पेशंटवर घातलेल्या निर्जंतुक चादरी), हत्यारं बदलतात. घाण पाण्यात बुडालेल्या ड्रेपवर नवा पॉली ठेवण्यात काय अर्थ? मग पॉली, ड्रेन, एकेरी धाग्याचे टाके.

नंतरचे तीन महिने

सफाईने जंतूंची संख्या घटते, उरलेल्यांसाठी औषध. किती दिवस? फ्रान्समधल्या ‘दातिपो’ चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला. सहा आठवडे औषध घेतलेल्यांत 18.1 टक्क्यांचा संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडे घेतलेल्यांत 9.4 टक्क्यांचा. सांधा ठेवून सफाई केलेल्यांत तर फरक आणखी मोठा होता. म्हणून आठव्या आठवड्यात ‘आता बरं आहे, गोळ्या बंद करू का’ याचं उत्तर नाही. सगळे बारा आठवडे शिरेतून इंजेक्शन मात्र लागत नाही. ब्रिटनमधल्या ‘ओव्हिवा’ चाचणीत, 2019 साली, योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरल्या.

स्टॅफिलोकोकस जंतू निघाला तर जोडीला रिफाम्पिसिन देतात, कारण ते त्या थरात काम करतं. इथे घरात रडारड होते: केमिस्ट सांगतो, ‘हे तर टीबीचं औषध.’ टीबी झालेला नाही. पण टीबी असेल आणि तो न ओळखता हे औषध अपुरं दिलं गेलं, तर टीबीचा जंतू त्याला निर्ढावतो. म्हणून तो जीनएक्सपर्टचा तुकडा. रिफाम्पिसिन एकटं कधी देत नाहीत, आणि जखम कोरडी होईपर्यंत सुरू करत नाहीत. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टींना: बीपीच्या काही गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, गर्भनिरोधक गोळ्या यांचा असर कमी होतो. रोजची गोळी चालू असून बीपी वर जायला लागलं तर डॉक्टरांना कळवा. लिव्हरची रक्ततपासणी चुकवू नका.

व्यायाम जखमेच्या तब्येतीप्रमाणे लवकरच सुरू होतो. गुडघा सरळ ठेवून महिनाभर पडून राहिलात तर जंतू जाईल आणि गुडघा आखडेल.

यश किती? दहापैकी साधारण सहा-सात गुडघे असे वाचतात, काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त. किडनीचा आजार, लिव्हरचा सिरॉसिस, आणि सुरुवातीलाच लिटरला 115 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं सीआरपी असेल तर आशा कमी. पहिली सफाई फसली तर दुसरी तशीच करून बघण्यापेक्षा दोन टप्प्यांच्या ऑपरेशनबद्दल सर्जनशी स्पष्ट बोला.

सीआरपीचे आकडे एका वहीत तारखेसह, एककासह, शक्यतो एकाच लॅबचे लिहीत चला. बारा आठवड्यांनी गोळ्या बंद झाल्यावर वही बंद करायची नाही. औषधाच्या आडोशाने दबलेला जंतू गोळ्या थांबल्यावरच डोकं वर काढतो, त्यामुळे पुढची निदान दोन वर्षं सर्जनने सांगितलेल्या तारखांना वही घेऊन जायचं, आणि मधे कधी गुडघा गरम लागला तर तारखेची वाट न बघता, गोळी न घेता, आधी फोन करायचा.